दुसरं आडनाव

लिमातल्या एका गोदामाच्या फाटकावर माझी जोशीची होशी झाली.

२०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट. वाळूजच्या एका छोट्या कारखान्याची दुभाषी म्हणून मी पेरूला गेले होते. कारखाना तीनचाकीचे सुटे भाग बनवतो, आणि पेरूत आपल्या रिक्षा ढिगाने आहेत. लिमाच्या भोवतीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर, जिथे बस चढत नाही तिथे त्या चढतात. तिकडे रिक्षेला मोतोताक्सी म्हणतात आणि बजाजच्या रिक्षेला 'तोरितो', म्हणजे आपला गोऱ्हा. तर अशा गोऱ्ह्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात रोज जायचं म्हणून माझं ओळखपत्र करायचं होतं. फाटकावरच्या माणसाने पूर्ण नाव विचारलं. मी आपल्या सवयीने सांगितलं : स्वतःचं नाव, मग दत्तात्रय, मग जोशी.

पेरूत प्रत्येकाला दोन आडनावं असतात. पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. त्याने सरळ हिशेब केला. पहिल्या आडनावाच्या रकान्यात दत्तात्रय, दुसऱ्यात जोशी. स्पॅनिशमध्ये 'ज'चं अक्षर 'ह'सारखं वाचतात, त्यामुळे तो कागदाकडे बघत "होशी" म्हणाला आणि मान वर करून मोठ्या आपुलकीने विचारलं, "आई जपानी का?"

मी हसले. त्याला सांगितलं, दत्तात्रय हे वडिलांचं नाव आहे, आडनाव नाही. जोशी वडिलांचं. "मग आईचं?" आईचंही जोशीच, असं म्हणणार होते, पण ते त्याला पटलं नसतं. त्याच्या लेखी नवरा-बायकोचं एकच आडनाव म्हणजे ती दोघं भाऊबहीण. शेवटी मी आईचं माहेरचं आडनाव सांगितलं : पाठक. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या नावापुढे लागलं. जोशी पाठक. दुपारी आईला फोन करून हे सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "कार्डाचा फोटो पाठव."

त्या संध्याकाळी घरी, म्हणजे ब्रेन्या नावाच्या जुन्या वस्तीत मी जिच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या सेन्योराकडे, जेवताना हा किस्सा सांगितला. टीव्हीवर निवडणुकीचा धुरळा चालू होता. अध्यक्षपदाची दुसरी फेरी ५ जूनला होती आणि पडद्यावर उमेदवार केइको फुजिमोरी नारिंगी शर्टात हात हलवत होती. सेन्योरा तिच्याकडे चमच्याने बोट दाखवून म्हणाली, "हिला विचार आईचं आडनाव. फुजिमोरी हिगुची. पण हिगुची कुणी म्हणतं का?"

तोवर मला आल्बेर्तो फुजिमोरी माहीत होता तो बातम्यांतून माहीत असतो तेवढाच : केइकोचा बाप, पेरूचा जपानी वंशाचा अध्यक्ष, दहा वर्षं सत्ता, मग तुरुंग. हिगुची कोण हे मला ठाऊक नव्हतं. त्या महिन्याभरात जे वाचलं, ऐकलं आणि पुढेही जे वाचत राहिले, त्याचं टोक या एका प्रश्नाला बांधलेलं आहे.

आधी फुजिमोरी. गंमत अशी की हे आडनावच मुळात दत्तक आलेलं. आल्बेर्तोचे वडील नाओइची हे मूळचे मिनामी. निपुत्रिक नातेवाइकाने त्यांना दत्तक घेतलं आणि ते फुजिमोरी झाले. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दत्तक गेलेल्या आजोबांमुळे आडनाव बदललेली चार घरं प्रत्येकाला माहीत असतात. म्हणजे पेरूच्या राजकारणाची पस्तीस वर्षं ज्या शब्दाने भरून गेली तो शब्द एका दत्तकविधानाची देणगी. ते जमलं नसतं तर देश 'मिनामिस्ता' आणि 'अँटिमिनामिस्ता' असा भांडला असता.

नाओइची आणि त्यांची बायको मुत्सुए, माहेरची इनोमोतो, जपानच्या कुमामोतोहून १९३४ मध्ये पेरूला आली. त्यांच्या आधी पस्तीस वर्षं, १८९९ मध्ये, 'साकुरा मारू' नावाची बोट ७९० जपानी माणसं घेऊन काय्याओ बंदराला लागली होती. ती उसाच्या मळ्यांत राबायला आलेली. पुढे त्यांनी दुकानं टाकली, केशकर्तनालयं काढली, बरे दिवस आले आणि डोळ्यांत खुपायला लागली. मे १९४० मध्ये लिमात जपान्यांची दुकानं-घरं लुटली गेली. महायुद्धात तर पेरू सरकारने अठराशेच्या आसपास जपानी माणसांना उचलून अमेरिकेच्या छावण्यांत धाडलं. आल्बेर्तो १९३८ चा, म्हणजे हे सगळं तो लहान असताना आजूबाजूला घडलेलं. त्यामुळेच १९९० मध्ये तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा तिथल्या जपानी समाजातले बरेच जण खूश नव्हते, धास्तावले होते. आपल्यातला एक वर गेला आणि उद्या चुकला, तर दगड कुणाच्या काचांवर पडणार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

तो शेतकी इंजिनियर. ला मोलिनाच्या कृषी विद्यापीठात शिकला, तिथेच गणित शिकवलं, तिथेच कुलगुरू झाला. प्रचार ट्रॅक्टरवरून. विरुद्ध कोण, तर मारियो वार्गास योसा, जगभर नाव असलेला लेखक, गोरा, युरोपात वावरलेला, श्रीमंतांच्या पाठिंब्यावर आलेला. फुजिमोरीची घोषणा होती 'प्रामाणिकपणा, तंत्रज्ञान, काम'. पेरूत पूर्व आशियाई चेहऱ्याच्या कुणालाही 'चिनो' म्हणतात, मग तो जपानी का असेना. त्याने ते नाव चिडवणं म्हणून न घेता बिरुदासारखं मिरवलं. एका बाजूला गोरे साहेब, दुसऱ्या बाजूला चिनो आणि डोंगरातून शहरात आलेले सावळे लोक, अशी त्याने सरळ फाळणी केली. जून १९९० च्या दुसऱ्या फेरीत तो दणदणीत मतांनी निवडून आला.

त्या वर्षीची महागाई सात हजार टक्क्यांच्या वर होती. हा आकडा वाचून काही कळत नाही. मला तो कळला सेन्योराने कपाटाच्या खणातून एक नोट काढून माझ्या हातावर ठेवली तेव्हा. पन्नास लाख इंतींची नोट. करकरीत, फारशी वापरलीच नसेल अशी. १९९१ मध्ये नवं चलन आलं, दहा लाख इंती म्हणजे एक सोल. म्हणजे ही पन्नास लाखांची नोट झाली पाच सोल, आमच्या गल्लीत त्या दिवसांत एका साध्या जेवणालाही पुरले नसते एवढे. "दुधाच्या रांगेत उभी राहायचे," ती म्हणाली, "आणि नंबर लागेपर्यंत हातातले पैसे कमी पडायचे." हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, एक प्रकारचा अभिमान होता. आपल्याकडच्या बायका बहात्तरच्या दुष्काळातल्या मिलोबद्दल बोलतात तसा.

दरवाढीचा झटका वार्गास योसा देणार आणि मी देणार नाही, या बोलीवर निवडून आलेल्या फुजिमोरीने ऑगस्ट १९९० मध्ये तोच झटका दिला. त्याचा अर्थमंत्री टीव्हीवर नवे भाव वाचून दाखवत गेला आणि शेवटी म्हणाला, "देव आपल्याला तारो." पेट्रोल एका रात्रीत तीसपट. लोक अजून त्याला 'फुजिशॉक' म्हणतात. आडनाव असं विशेषण होऊन भाषेत शिरलं ते तेव्हाच.

आणि आमचे गोऱ्हे? तेही त्याच काळाचे. १९९१ च्या एका हुकुमाने शहरातली प्रवासी वाहतूक मोकळी सोडली. ज्याच्याकडे चाकं आहेत त्याने माणसं भरावीत, असं म्हणा ना. नोकऱ्या गेलेले हजारो लोक व्हॅन, जुन्या गाड्या, जे मिळेल ते घेऊन रस्त्यावर उतरले. त्या व्हॅनला लिमात 'कोंबी असेसिना', खुनी कोंबी, म्हणतात, आणि एकदा बसलात की नाव सार्थ वाटतं. त्या मोकळिकीतच मोतोताक्सीही वाढल्या. मी ज्या ब्रेक लायनरचे भाव स्पॅनिशमध्ये सांगत होते, त्या धंद्याची पहिली वीट फुजिमोरीच्या काळात रचली गेली होती. गोदामातले चालक त्याचं नाव आदराने घ्यायचे. "चिनोने काम केलं," एवढंच. त्याहून जास्त बोलायची त्यांना गरज वाटायची नाही.

आता हिगुची.

सुसाना हिगुची, फुजिमोरीची बायको, स्थापत्य अभियंता. जपानी माणसांचीच मुलगी, चार मुलांची आई. १९९२ च्या सुरुवातीला देशाच्या या पहिल्या बाईने, म्हणजे फर्स्ट लेडीने, चारचौघांत सांगितलं की जपानहून गरिबांसाठी दान म्हणून आलेले कपडे माझ्या सासरची माणसं विकून खातायत. जुने कपडे! कोट्यवधींच्या घोटाळ्यांच्या जमान्यात हा आरोप किरकोळ वाटेल. पण मला तो फार मोठा वाटतो. पुढे आठ वर्षांनी जी राजवट पैशांच्या गठ्ठ्यांच्या चित्रफितीत सापडून कोसळली, तिचं पहिलं भोक त्या घरातल्या बाईने बोट ठेवून दाखवलं होतं, तेही कपड्यांच्या गाठोड्यात. आपल्याकडे सुनेने दीर-नणंदांचं नाव घेतलं की सगळे एका सुरात म्हणतात, घरातलं भांडण आहे. तिथेही तसंच झालं.

काही आठवड्यांतच, ५ एप्रिल १९९२ ला रात्री फुजिमोरी टीव्हीवर आला आणि त्याने संसद बरखास्त केली. रणगाडे रस्त्यावर. लोकांनी विरोध करण्याऐवजी टाळ्या वाजवल्या, हेही लिहायला हवं. सेन्योराने वाजवल्या होत्या. तिने ते लपवलं नाही.

टाळ्यांचं कारण 'सेंदेरो लुमिनोसो'. माओवादी बंडखोर, डोंगरातल्या गावांत कुऱ्हाडी आणि बंदुका, शहरात विजेचे मनोरे पाडून अंधार आणि अंधारात स्फोट. जुलै १९९२ मध्ये मिराफ्लोरेस या सुखवस्तू वस्तीतल्या ताराता गल्लीत बॉम्बगाडी फुटली आणि २५ माणसं गेली. पुढे २००३ मध्ये सत्यशोधन आयोगाने १९८० पासूनच्या वीस वर्षांचा हिशेब मांडला : अंदाजे ६९ हजारांहून जास्त मृत्यू, आयोगाकडे नोंदलेल्यांतले निम्म्याहून अधिक सेंदेरोच्या हातून, आणि मेलेल्या दर चौघांतल्या तिघांची मायबोली केचुआ किंवा दुसरी स्थानिक भाषा. ताराताने लिमा हादरलं. डोंगरातल्या गावांनी मात्र त्याआधी दहा-बारा वर्षं हे सोसलं होतं आणि राजधानीची झोप काही उडाली नव्हती.

१२ सप्टेंबर १९९२ ला सेंदेरोचा म्होरक्या आबिमाएल गुस्मान पकडला गेला. लिमाच्या सुर्कियो भागात, खाली नृत्यवर्ग चालणाऱ्या घराच्या वरच्या मजल्यावर. हे काम पोलिसांच्या एका लहानशा पथकाचं. गोळीबार नाही, मारझोड नाही. त्यांनी महिनोन् महिने त्या घराचा कचरा उचलून चिवडला. त्यात सिगारेटची थोटकं आणि त्वचारोगावरच्या औषधाच्या रिकाम्या ट्यूब सापडल्या, आणि गुस्मानला सोरायसिस आहे हे त्यांना ठाऊक होतं. बस्स, त्यावरून घर पक्कं झालं. त्या संध्याकाळी अध्यक्ष कुठे होता? जंगलात मासे धरायला गेला होता, त्याला कल्पनाही नव्हती. काही दिवसांनी पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला गुस्मान पिंजऱ्यात ठेवून पत्रकारांना दाखवला, आणि तेव्हापासून सगळ्या देशात वाक्य एकच : फुजिमोरीने दहशतवाद संपवला. कचरा चिवडणाऱ्यांची नावं पेरूतही फार थोड्यांना सांगता येतील. मोठ्या आडनावाची भूक अशी असते, शेजारच्या पानातलंही खाऊन टाकतं.

आणि जे पान वाढायला नको, ते सरकवून देतं. ३ नोव्हेंबर १९९१, लिमाचा बार्रिओस आल्तोस भाग. एका जुन्या चाळवजा घरात 'पोयादा' चालू होती. पोयादा म्हणजे कोंबडीचं जेवण ठेवायचं, ताटाची तिकिटं ओळखीपाळखीत विकायची आणि जमलेल्या पैशात कुणाची अडचण भागवायची. इथे घराची दुरुस्ती करायची होती. तोंडं झाकलेली माणसं आली आणि त्यांनी १५ जणांना गोळ्या घातल्या. त्यात आठ वर्षांचा मुलगा. मारेकरी होते लष्करी गुप्तचरांचं 'कोलिना' नावाचं पथक. जुलै १९९२ मध्ये त्याच पथकाने ला कान्तुता विद्यापीठातून नऊ विद्यार्थी आणि एक प्राध्यापक उचलून नेले. वर्षभराने सिएनेगिया भागात पुरलेले अवशेष सापडले. हाडांबरोबर किल्ल्या होत्या. त्या विद्यापीठात नेऊन लावून पाहिल्या आणि कुलपं उघडली. माझ्या डोळ्यांसमोरून ते काही जात नाही : कुणीतरी जळालेली किल्ली कुलपात घालतंय आणि ती फिरू नये अशी मनोमन विनवणी करतंय.

१९९६ ते २००० या काळातल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाबद्दल मी थोडंच लिहीन, कारण त्यावर वेगळं लिहायला हवं. पावणेतीन लाखांच्या आसपास बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक गरीब, डोंगरातल्या, केचुआ बोलणाऱ्या. त्यातल्या हजारोंनी सांगितलं की आम्हाला फसवून, धमकावून टेबलावर घेतलं. दवाखान्यांना आकड्यांचं लक्ष्य दिलेलं होतं. लक्ष्य आणि नसबंदी हे दोन शब्द शेजारी आले की आपल्या आधीच्या पिढीला १९७६ आठवतं, आणखी फोड करायला नको. कुणाचं आडनाव पुढे जाणार आणि कुणाचं तिथेच थांबणार, हे त्या चार वर्षांत सरकारी वहीत ठरत होतं.

सुसानाचं पुढे काय झालं? ऑगस्ट १९९४ मध्ये नवऱ्याने जाहीरपणे तिचा 'पहिली बाई' हा मान काढून घेतला. आपल्याला राजवाड्यात कोंडून ठेवलं होतं असं तिने सांगितलं. पुढे तर गुप्तचरांनी विजेचे झटके देऊन छळ केला असंही सांगितलं. फुजिमोरीने ते सगळं नाकारलं. १९९५ ची अध्यक्षपदाची निवडणूक तिला लढवायची होती, तर कायदाच असा केला की अध्यक्षाच्या जवळच्या नातेवाइकांना उभंच राहता येऊ नये. लोकांनी त्याला नावही दिलं, 'सुसाना कायदा'. घराणेशाही रोखणारा कायदा, आणि तो करणारा फुजिमोरी! असले विनोद इतिहासालाच सुचतात.

रिकाम्या झालेल्या खुर्चीवर कोण बसलं, तर मुलगी. केइको तेव्हा एकोणीस वर्षांची. अमेरिकेत शिकत होती. ती आली आणि आईच्या जागी देशाची पहिली बाई झाली. बापाशेजारी उभी राहिलेल्या त्या मुलीचे फोटो मी बरेच पाहिले. त्या वयात मी मेसच्या डब्यावरून भांडत होते. तिला दोष देणं सोपं आहे, आणि पेरूत लाखो लोक देतातही : आईवर ते सगळं होत असताना ही हसत उभी होती. मला ते इतकं सरळ वाटत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला आई आणि बाप यातलं एक निवड असं कुणी म्हणावं, आणि वर ती निवड देशासमोर करायला लावावी. पण पुढे ती एकोणीस वर्षांची राहिली नाही, हेही खरं.

शेवट पटकन सांगते. सप्टेंबर २००० मध्ये एक चित्रफीत टीव्हीवर लागली. फुजिमोरीचा उजवा हात, गुप्तचर खात्याचा सूत्रधार ब्लादिमिरो मॉन्तेसिनोस, एका विरोधी खासदाराला नोटांचे गठ्ठे मोजून देतोय. पंधरा हजार डॉलर. नोव्हेंबरमध्ये फुजिमोरी परिषदेसाठी ब्रुनेईला गेला तो तिथून टोकियोला पोहोचला आणि हॉटेलातून फॅक्सने राजीनामा पाठवला. संसदेने तो राजीनामा नाकारला आणि 'नैतिकदृष्ट्या असमर्थ' ठरवून त्याला काढून टाकलं. जन्माच्या वेळी आईबापांनी जपानी वकिलातीत नाव नोंदवलेलं होतं, म्हणून जपानने त्याला आपला नागरिक मानलं. आयुष्यभर स्वतःला पेरूचा चिनो म्हणवणारा माणूस वेळ आली तेव्हा जपानी आडनावाच्या आडोशाला गेला. २००५ मध्ये तो चिलीत उतरला, पकडला गेला, २००७ मध्ये पेरूच्या ताब्यात आला, आणि ७ एप्रिल २००९ ला त्याला बार्रिओस आल्तोस आणि ला कान्तुतासाठी २५ वर्षांची शिक्षा झाली.

त्यानंतरचं सगळं राजकारण आडनावाचं. पक्षांची नावं शर्टासारखी बदलली. 'काम्बियो ९०', 'पेरू २०००', 'सी कुंप्ले', 'फुएर्सा २०११', 'फुएर्सा पोपुलार'. माणूस शोधायचा तर आडनावच धरावं लागे. आणि तरी २०१६ च्या भिंतींवर मला ते आडनाव फारसं दिसलंच नाही. पेरूत प्रचार अजून भिंती रंगवून करतात. हमरस्त्याच्या कडेला मैलोन् मैल नारिंगी रंगात नुसतं 'केइको' आणि भलंमोठं 'के' हे अक्षर. सेन्योराची भाची सान मार्कोस विद्यापीठात शिकत होती. ती म्हणायची, "बघ, लाज वाटते म्हणून लिहीत नाहीत." सेन्योरा म्हणायची, "लिहायची गरजच काय, सगळ्यांना पाठ आहे." दोघींचंही बरोबर होतं बहुतेक. त्या वर्षी केइकोने भर वादविवादात लिहून दिलं होतं की ५ एप्रिल पुन्हा कधी होणार नाही. म्हणजे बापाचं आडनाव ठेवायचं आणि बापाची तारीख टाकायची. ३१ मेला भाची 'केइको नको' मोर्चाला गेली. रात्री उशिरा परतली तेव्हा सेन्योराने तिच्यासाठी भात झाकून ठेवला होता आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

५ जूनला दोघी एकाच शाळेत मत द्यायला गेल्या. पेरूत मत देणं सक्तीचं, दिलं नाही तर दंड. दोघींची बोटं शाईत बुडवलेली, आणि त्याच बोटांनी दोघी संध्याकाळी मटार सोलत टीव्हीसमोर बसल्या. मोजणी दिवसेंदिवस चालली. शेवटी पेद्रो पाब्लो कुचिन्स्की जिंकला तो एक्केचाळीस हजारांच्या आसपास मतांनी, पावणेदोन कोटींहून जास्त मतांत. आणि केइकोचा सख्खा भाऊ केंजी, खासदारकीला देशात सर्वांत जास्त मतं मिळवलेला, त्या दिवशी मत द्यायलाच गेला नाही. भाऊबंदकी हा शब्द स्पॅनिशमध्ये एका शब्दात सांगता येत नाही. मी प्रयत्न केला, सेन्योराला बरोबर कळलं.

मग बहिणीच्या पक्षाने कुचिन्स्कीला पाडायचा घाट घातला तेव्हा केंजीने आपले काही खासदार फोडून त्याला वाचवलं, आणि तीन दिवसांनी, २४ डिसेंबर २०१७ ला, केंजीच्या बापाला कुचिन्स्कीकडून माफी मिळाली. पुढे माफी रद्द, बाप पुन्हा आत, केइको स्वतः वर्षाहून जास्त काळ कोठडीत, केंजी मतं विकत घेण्याच्या खटल्यात. २०२१ ला केइको तिसऱ्यांदा हरली, पुन्हा चव्वेचाळीस हजारांच्या फरकाने. त्या वेळी तिला मत द्या असं सांगणाऱ्यांत वार्गास योसा होता. होय, तोच. तीस वर्षं ज्या आडनावाशी उभा दावा मांडला, त्याच्यासाठी म्हातारपणी त्याने शब्द टाकला, कारण समोरचा डावा शिक्षक पेद्रो कास्तियो त्याला जास्त धोक्याचा वाटला. कास्तियोने पुढे दीड वर्षाने टीव्हीवर येऊन संसद बरखास्तीची घोषणा केली. त्याला सैन्याने साथ दिली नाही, आणि तो पोहोचला बार्बादियो तुरुंगात. तिथे फुजिमोरी आधीपासून होता.

डिसेंबर २०२३ मध्ये फुजिमोरी सुटला. जुलै २०२४ मध्ये केइकोने सांगितलं की २०२६ ला बाबाच उभे राहणार. आणि ११ सप्टेंबर २०२४ ला तो कर्करोगाने वारला, वय ८६. बरोबर तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला, त्याच वयात, आबिमाएल गुस्मान कोठडीत मेला होता. पेरूतल्या लोकांनी यावर काय काय म्हटलं असेल याची कल्पना करा.

सेन्योराने मला आवाजी निरोप पाठवला. ती अंत्यदर्शनाच्या रांगेत उभी होती. मागे गोंगाट, कुणीतरी गात होतं. "इहिता," ती म्हणाली, "पुन्हा रांग. पण या वेळी दूध नाही." भाचीने त्याच दिवशी दहा नावांची यादी टाकली, ला कान्तुताची. खाली काही लिहिलं नव्हतं. पेरूच्या पद्धतीने प्रत्येक नावापुढे दोन्ही आडनावं. त्या यादीतल्या प्रत्येकाची आई त्या यादीत होती.

सुसाना हिगुची त्याआधीच, डिसेंबर २०२१ मध्ये गेली होती. मध्ये ती दोनदा स्वतःच्या बळावर खासदार झाली, नवऱ्याच्या विरोधातल्या पक्षातून. आणि शेवटच्या वर्षांत ती मुलीच्या मागे उभी राहिली. का, ते मी आईला विचारलं होतं, फोनवरच, हे सगळं सांगून झाल्यावर. आई म्हणाली, "का म्हणजे? लेक आहे तिची." आणि मग जरा थांबून, "तुझं ते कार्ड आहे ना अजून?" आहे. तिच्याच कपाटात आहे, तिने मागून घेतलं. लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांनी पाठक हे नाव छापलेला तो घरातला एकमेव कागद.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केइकोने जाहीर केलं की ती चौथ्यांदा उभी राहतेय. बातमीत तिचं पूर्ण नाव दिलं होतं, केइको सोफिया फुजिमोरी हिगुची. सवयीने मी पुढच्या पिढीचा हिशेब मांडून पाहिला. केइकोचं लग्न मार्क विलानेला नावाच्या माणसाशी झालं, आता ते वेगळे झालेत. त्यांना दोन मुली आहेत. गोदामाच्या फाटकावरच्या त्या माणसाने त्यांचं कार्ड केलं, तर पहिल्या आडनावाच्या रकान्यात तो विलानेला लिहील. फुजिमोरी दुसऱ्या रकान्यात जाईल. हिगुची लिहायला तिसरा रकाना त्या अर्जावर नाही.